कार्बन क्रेडिटची ती एक ओळ : तिरोड्याच्या राखेचा खरा हिशोब

फ्लाय ॲशच्या विटांवरचा व्हिडिओ करताना एक विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो दहा मिनिटांत बसत नाही. तो विषय म्हणजे कार्बन क्रेडिट. आज तो नीट घेऊ. वही-पेन घेऊन बसा, आकडेमोड आहे.

सुरुवात दुकानापासून करतो. मागच्या महिन्यात तिरोड्याजवळच्या एका गावातला मुलगा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला. "दादा, फक्त एकदा नजर टाका, सोमवारी बँकेत द्यायचा आहे." पंचवीस लाखांचं युनिट, वर्षाला दहा लाख विटा. बापाची अडीच एकर धानाची शेती तारण ठेवायची तयारी. रिपोर्ट कुणाकडून तरी पैसे देऊन बनवून घेतलेला, छपाई एकदम झकास. उत्पन्नाच्या पानावर शेवटून दुसरी ओळ होती : 'कार्बन क्रेडिट विक्री – ३,००,००० रुपये प्रति वर्ष.'

कर्ज साडेबावीस लाख. अकरा टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साडेअडतीस हजारांच्या आसपास जातो, म्हणजे वर्षाला साधारण चार लाख साठ हजार. त्यातले तीन लाख या एका ओळीतून येणार, असं तो रिपोर्ट म्हणत होता. ती ओळ खोटी निघाली तर काय होईल, हे सांगायला बीबीए लागत नाही.

पण ती ओळ हवेतून आलेली नाही, हेही खरं. राखेच्या विटा करणाऱ्या छोट्या युनिट्सना परदेशातून कार्बनचे पैसे देण्याचा व्यवहार आपल्याच देशात झाला होता. म्हणून आधी तो कसा झाला ते समजून घेऊ, मग आपल्या वहीत उतरवू.

राख येते कुठून

तिरोडावाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरचेही वाचतात. आपल्या एमआयडीसीत ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट, सगळे कोळशावर. हे संच 'सुपरक्रिटिकल' प्रकारचे आहेत. पाणी एवढ्या दाबावर (सुमारे २२१ बारच्या वर) तापवतात की ते उकळण्याचा टप्पाच राहत नाही, सरळ वाफेसारखं होतं. त्यामुळे तेवढ्याच विजेला कोळसा थोडा कमी लागतो. हे तंत्र अमेरिका, युरोप, जपान इथे आधी कित्येक दशकं वापरलं गेलं आणि मग आपल्याकडे आलं.

कोळसा कमी लागला तरी राख चुकत नाही. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. त्यातली मोठी, म्हणजे ८० टक्क्यांच्या आसपासची राख धुरासोबत वर उडते आणि फिल्टरमध्ये पकडली जाते. तीच फ्लाय ॲश. उरलेली जाडी-भरडी राख खाली पडते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १९९९ साली पहिल्यांदा राख वापरण्याची अधिसूचना काढली, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने ती कडक केली. वीज केंद्राला राख शंभर टक्के मार्गी लावावीच लागते. न लावलेल्या राखेवर टनाला एक हजार रुपयांची भरपाई बसते. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचा माल वापरायचा, तेही तो पर्यायी मालापेक्षा महाग नसेल तर.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे कार्बनच्या हिशोबात तो आपल्याच विरुद्ध जाणार आहे.

विशाखापट्टणमचा प्रयोग

आता मूळ गोष्ट. विशाखापट्टणमला एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास या दोन संशोधकांनी 'फॅल-जी' नावाचं मिश्रण तयार केलं. फ्लाय ॲश, लाइम म्हणजे चुना, आणि जिप्सम. राखेत सिलिका असते. ओलाव्यात ती चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि सिमेंटसारखाच चिकट पदार्थ तयार होतो. जिप्सममुळे सुरुवातीची ताकद लवकर येते. भट्टी नाही, कोळसा नाही. मिक्स करा, दाबा, पाणी मारा. चुना मिळत नसेल तिथे सिमेंट वापरायचं.

त्याच काळात जगात क्योटो करार लागू झाला होता. १९९७ ला ठरला, फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला. त्यात श्रीमंत देशांना धूर कमी करण्याचं बंधन होतं. त्यांच्या देशात एक टन कार्बन डायऑक्साइड कमी करणं महाग, आपल्याकडे स्वस्त. मग सोय अशी केली की त्यांनी आपल्याकडच्या स्वच्छ तंत्रज्ञानाला पैसे द्यायचे आणि कमी झालेला टन स्वतःच्या खात्यावर मांडायचा. या व्यवस्थेचं नाव सीडीएम. आपल्याला तंत्र आणि पैसा, त्यांना हिशोबात सूट.

आता बघा, वीटभट्टीसारखा धंदा. जगभरात सिमेंट, पोलाद आणि विटा ही धूर सोडणारी मोठी कामं. सिमेंट-पोलाद मोठ्या कंपन्यांचं, पण वीट हजारो छोट्या माणसांच्या हातात. एका वीटवाल्याने वर्षात शे-दोनशे टन वाचवले तर ते मोजायला येणाऱ्या तपासणी संस्थेची फीच त्यातून निघत नाही. मग केलं काय? अनेक युनिट्सची एक मोळी बांधली. मोळी बांधणारी एक संस्था मध्ये ठेवली, इको कार्बन नावाची, आणि पलीकडे खरेदीदार म्हणून जागतिक बँकेचा कम्युनिटी डेव्हलपमेंट कार्बन फंड. २००३ मध्ये सुरू झालेल्या या फंडात कॅनडा, इटली, नेदरलँड्स अशा सरकारांचे आणि काही खासगी कंपन्यांचे पैसे होते. २००६ च्या सुमारास फॅल-जी विटांचा प्रकल्प सीडीएममध्ये नोंदला गेला. कामगारांच्या भल्यासाठी काही करणं ही त्या फंडाची अटच होती.

आपल्या दृष्टीने यात शिकण्यासारखं हे, की मोळीतल्या प्रत्येकाला नोंदी ठेवाव्या लागत. किती विटा पाडल्या, किती सिमेंट किंवा चुना गेला, किती वीज, किती डिझेल. वही नसेल तर टन नाही, टन नाही तर पैसा नाही. मी प्रशिक्षणात 'रोजची नोंद ठेवा' म्हणतो तेव्हा पोरं जांभया देतात. इथे त्या नोंदीलाच परदेशात गिऱ्हाईक मिळालं होतं.

पुढे काय झालं? २००८ मध्ये अशा एका क्रेडिटला युरोपात वीस युरोच्या वर भाव होता. २०१२ संपेपर्यंत तो एका युरोच्या खाली आला. युरोपात मंदी आली, क्रेडिटचा पूर आला, आणि युरोपने खरेदीचे नियम घट्ट केले. आपल्या कांद्याचं जे होतं तेच झालं. ज्यांच्या विटेला गावात गिऱ्हाईक होतं त्यांचा धंदा चालू राहू शकला. ज्यांनी हप्ता क्रेडिटवर टेकवला असेल, त्यांची अवस्था तुम्हीच ओळखा.

आता वही उघडा

त्या मुलाच्या रिपोर्टमधले तीन लाख कुठून आले ते मी उलटं गणित करून काढलं. तुम्हीही करा. सगळे आकडे अंदाजी, पण धंद्याच्या अंदाजाला पुरेसे.

एक लाख लाल विटा भाजायला धरा २० टन कोळसा. भट्टी कशी आहे यावर हे कमी-जास्त होतं. दहा लाख विटांना २०० टन. आपल्या प्रकारच्या एक टन कोळशातून धरा दीड टन कार्बन डायऑक्साइड. झाले ३०० टन. टनाला हजार रुपये धरले की बरोबर तीन लाख. रिपोर्टवाल्याने इथेच पेन खाली ठेवला.

पण राखेच्या विटेत सिमेंट पडतं ना! आपल्याकडे चुना-जिप्समपेक्षा सिमेंट टाकण्याचीच पद्धत जास्त. एक वीट तीन किलोची धरली तर दहा लाख विटांचं वजन ३,००० टन. त्यात आठ टक्के सिमेंट म्हणजे २४० टन. साधं ओपीसी सिमेंट एक टन करताना धरा ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण चुनखडी १,४५० अंशांपर्यंत भाजावी लागते आणि निम्म्याहून जास्त वायू कोळशातून नव्हे, त्या दगडातूनच निघतो. २४० गुणिले ०.८५, म्हणजे २०४ टन. ३०० मधून २०४ गेले, उरले ९६.

आता सिमेंट बारा टक्के करून बघा. ३६० टन सिमेंट, ३०६ टन वायू. म्हणजे बचत शून्याच्याही खाली! वीट राखेची, रंग करडा, बोर्डावर 'पर्यावरणपूरक' लिहिलेलं, आणि वायूच्या हिशोबात लाल विटेएवढीच. शेतातली सुपीक माती वाचली, राख तळ्यात न जाता भिंतीत गेली, हे फायदे आहेतच, ते मी नाकारत नाही. पण क्रेडिट मातीवर मिळत नाही, वायूवर मिळतं.

तर ९६ टन. त्याच्याच हजाराच्या भावाने ९६ हजार. भाव पाचशे धरला तर ४८ हजार. यातून तपासणीची फी आणि मोळी बांधणाऱ्याचा वाटा जायचा आहे.

आणि याहून मोठी अडचण वेगळीच आहे. क्रेडिट देताना एक प्रश्न विचारला जातो : हे पैसे मिळाले नसते तर हे काम झालं नसतं का? २००६ मध्ये वीटवाला सांगू शकत होता की नवीन माल आहे, गवंडी हात लावत नाही, बँक कर्ज देत नाही, म्हणून मदत हवी. आज? राख वापरा असा सरकारचा नियम आहे, सरकारी कामाच्या टेंडरमध्ये राखेची वीट आहे, गावोगावी युनिट्स आहेत. जे काम नियमानेच करायचं आहे त्यावर क्रेडिट मागणं अवघड. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला नियम तो हाच. राखेचा पुरवठा त्याच नियमामुळे होतो, आणि क्रेडिटचा दावाही त्याच नियमामुळे पातळ होतो.

आता याच वहीच्या पुढच्या पानावर दुसरी बेरीज करा. सिमेंटचं प्रमाण एक टक्क्याने कमी केलं, म्हणजे आठाचं सात, तर ३,००० टनांवर ३० टन सिमेंट वाचलं. सहाशे गोण्या. साडेतीनशेच्या भावाने दोन लाख दहा हजार रुपये. दरवर्षी, रोख, कुणाच्या मंजुरीशिवाय. आणि वायूही २५ टनांनी कमी झाला, तो वेगळा.

अर्थात आठाचं सात असं डोळे मिटून करता येत नाही. विटेची ताकद टिकली पाहिजे. आणि ती टिकवून सिमेंट कसं कमी करायचं, हे ज्ञान ज्या मार्गाने आपल्यापर्यंत येतं त्यालाच आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. मला वाटतं आपण चेककडे बघत बसतो, आणि खरी मदत पाककृतीच्या रूपात आलेली असते.

पाककृती कशा प्रवास करतात

विटेचंच बघा. उत्तर भारतात गावोगाव दिसणारी लांबट गोल खंदकाची भट्टी बुल नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरने १८७६ मध्ये आणली, जर्मनीतल्या हॉफमनच्या भट्टीवरून सोपी करून. तिच्यात विटा नागमोडी रचून हवा फिरवली की कोळसा कमी लागतो, ही झिगझॅग पद्धतही युरोपातली. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती १९७० च्या दशकात आपल्याकडे बसवली. आणि पर्यावरण मंत्रालयाने भट्ट्यांना झिगझॅग किंवा उभ्या भट्टीकडे वळायला सांगितलं ते २०२२ च्या फेब्रुवारीत. पन्नास वर्षं! तंत्र कपाटात होतं, नियमाने बाहेर काढलं. आपल्या वैनगंगेकाठी अजून बऱ्याच ठिकाणी साधी रचलेली भट्टीच दिसते.

उभ्या भट्टीची गोष्ट उलटी. ती मूळची चीनची. स्वित्झर्लंड सरकारच्या मदतीने डेव्हलपमेंट अल्टर्नेटिव्ह्ज या दिल्लीच्या संस्थेने १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या दतियाला पहिली उभारली. कोळसा खरंच कमी लागतो. पण इथली प्रत्येक माती तिला मानवत नाही, आणि बांधकामाचा खर्च साध्या भट्टीवाल्याला जड जातो. फार पसरली नाही. परदेशातून आलेलं प्रत्येक यंत्र आपल्याकडे रुजतंच असं नाही. यंत्रविक्रेता 'जर्मन टेक्नॉलॉजी' म्हणाला की मान डोलावण्याआधी एवढं आठवा.

सिमेंटमधली ताजी गोष्ट मला सगळ्यात आवडते. एलसी-३ नावाचं सिमेंट. निम्मंच क्लिंकर, साधारण ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, बाकी जिप्सम. माती भाजायला आठशे अंशांच्या आसपास तापमान पुरतं, म्हणून वायू ४० टक्क्यांपर्यंत कमी. हे कुणी केलं? स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या विद्यापीठात प्रा. कॅरन स्क्रिव्हनर, क्युबात प्रा. फर्नांडो मार्तिरेना, आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली, मुंबई, मद्रास. पैसा बराचसा स्विस सरकारचा. क्युबासारखा देश यात बरोबरीचा भागीदार आहे, कारण त्यांच्याकडे सिमेंट महाग आणि माती भरपूर. नाइलाजातून शोध लागतात ते असे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक काढलं. मानक निघालं की ठेकेदार वापरू शकतो, इंजिनिअर सही करू शकतो. तोवर कितीही चांगला माल असला तरी सरकारी कामात तो कुणी घेत नाही.

तुम्हाला याचा उपयोग? तुमच्या विटेत पडणारं सिमेंट बदलणार आहे. आजही राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट मिळतं, त्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. एका टनामागे वायू कमी. पण पीपीसी घेऊन त्यात पुन्हा राखच मिसळताना प्रमाण वेगळं ठरवावं लागतं, ओपीसीचा फॉर्म्युला जसाच्या तसा चालत नाही. हे चाचणीशिवाय कळत नाही.

सरकारांमधल्या मोठ्या गोष्टी थोडक्यात. भारत आणि स्वीडन यांनी २०१९ मध्ये 'लीडआयटी' गट सुरू केला, पोलाद-सिमेंटसारखे जड उद्योग स्वच्छ करण्यासाठी. भारत आणि ब्रिटनने २०२१ मध्ये कमी कार्बनच्या पोलाद-सिमेंटच्या सरकारी खरेदीसाठी एक उपक्रम पुढे नेला. ही मंडळी बोलतात ती व्याख्या आणि मोजणी : 'हिरवं पोलाद' कशाला म्हणायचं, टन कसा मोजायचा. दुसऱ्या बाजूला युरोपने सीबीएएम आणलं. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत वगैरे माल युरोपात जाताना त्यात किती कार्बन आहे हे सांगायचं. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून पैशांचा भाग सुरू. याला सहकार्य म्हणायचं की दटावणी, यावर भारत सरकारची नाराजी जाहीर आहे, आणि मलाही ती पटते. पण नट-बोल्टसुद्धा त्या यादीत आहेत. नागपूरच्या हिंगणा-बुटीबोरीतल्या निर्यातदाराला तुम्ही लोखंडी माल पुरवत असाल तर तो उद्या तुम्हाला विजेचं बिल आणि डिझेलची नोंद मागेल. वीट त्या यादीत नाही. पण मागणी तीच आहे : वही दाखवा.

विटेवर या

माझ्या दुकानाचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका युनिटमधून (नाव सांगत नाही, आता ते बंद आहे) राखेच्या विटांचा ट्रक उचलला. दर स्वस्त होता आणि मी खूश. विटा जेमतेम चार-पाच दिवसांच्या होत्या, हे मी विचारलंच नाही. गिऱ्हाइकाने कंपाउंड घातलं, पहिल्या दोन जोरदार पावसांत कोपरे सुटायला लागले. गवंडी म्हणाला, "राखेचीच वीट, असंच होणार." गिऱ्हाइकाने तेच गावभर सांगितलं. मी विटा बदलून दिल्या, मजुरी भरली, आणि पुढे दोन वर्षं त्या गावात राखेची वीट विकता आली नाही.

दोष राखेचा नव्हता. राख आणि चुन्याची क्रिया मंद असते, पूर्ण ताकद यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर ओलावा लागतो. युनिटवाल्याकडे खेळतं भांडवल नव्हतं, म्हणून त्याने ओली वीट विकली. म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनच्या किमतीपेक्षा महत्त्वाची ओळ ही : तीन आठवड्यांचा माल अंगणात अडकून राहील एवढे पैसे आहेत का? दिवसाला चार हजार विटा म्हणजे अठरा कामाच्या दिवसांत ७२ हजार विटा. त्यांचं सिमेंट, चुरी, मजुरी सगळं तुमच्या खिशातून गेलेलं असेल आणि एक रुपया आलेला नसेल. त्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ही ओळ नव्हती. कार्बनची होती.

त्यामुळे प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख टाका. एकवीस दिवसांआधी गाडी भरू नका, गिऱ्हाईक किती का घाई करेना.

पाणी किती पितं ते घरीच बघता येतं. वीट पूर्ण वाळवा, वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर आयएस १२८९४ या मानकात ती नापास. दाबाची चाचणी मात्र प्रयोगशाळेतच. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात करून मिळते.

राखेचीही चाचणी करा. फिल्टरमधून आलेली कोरडी राख आणि तळ्यातली ओली राख यांत खूप फरक आहे. कोरडी बारीक असते, चांगली क्रिया करते. तळ्यातली जाड आणि मिसळलेली असते, तिला सिमेंट जास्त लागतं. म्हणजे फुकट मिळालेली तळ्याची राख कधीकधी सिमेंटच्या बिलातून वसूल होते. राख कुठली, दर काय, वाहतूक कुणाची, महिन्याला किती बल्कर मिळणार, हे सगळं लेखी घ्या. तोंडी शब्दावर मशीन बुक करू नका. संच देखभालीसाठी बंद असला की राखही बंद, तेव्हाचा साठा कुठे ठेवणार तेही ठरवा.

कर्जाबद्दल दोन वाक्यं. गोंदियाच्या जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना, दोन्ही विचारा. जे आधीच युनिट चालवतात आणि वीज-इंधन वाचवणारं यंत्र घेणार आहेत त्यांच्यासाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये 'अदिती' योजना आणली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात पाच टक्के सवलत, आणि विटांचा धंदा त्या चौदा क्षेत्रांत आहे. ही योजना ठरावीक औद्योगिक समूहांपासून सुरू झाली आहे, तेव्हा आपला भाग त्यात बसतो का ते अर्जाआधी बघा.

आणि कार्बन? देशाचा स्वतःचा कार्बन बाजार येतो आहे. २०२३ मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली, मोठ्या सिमेंट कारखान्यांना लक्ष्यं मिळाली आहेत. छोट्यांनी स्वेच्छेने यायची वाटही तिच्यात ठेवली आहे. कधीतरी पुन्हा मोळी बांधली जाईल आणि कुणीतरी विचारेल, तुमच्या तीन वर्षांच्या नोंदी आहेत का? म्हणून रोज एक पान : विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, राखेचे बल्कर किती, मीटरचं रीडिंग, डिझेलचे लिटर, फुटक्या विटा. पाच मिनिटांचं काम. क्रेडिट आलं तर ठीक. नाही आलं तरी कोणत्या आठवड्यात सिमेंट जास्त गेलं आणि का, हे त्या पानावरून दिसेल.

तर त्या मुलाचं काय झालं? आम्ही दोघांनी दुकानाच्या काउंटरवर बसून ती ओळ लाल पेनाने खोडली. हप्ता बसेना. मग मशीन लहान केलं, अंगणातल्या मालासाठी भांडवलाची ओळ टाकली, आणि पहिल्या वर्षी दहाऐवजी सहा लाख विटा धरल्या. कर्ज चौदा लाखांवर आलं. तो जरा नाराज होता, कारण घरी पंचवीस लाखांचं युनिट म्हणून सांगून आला होता. सोमवारी बँकेत गेला नाही. आता राखेचे तीन नमुने आणि सहा, सात, आठ टक्के सिमेंटच्या विटा प्रयोगशाळेत दिल्या आहेत. अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट यायचा आहे. आला की तो त्याच्या परवानगीने पुढच्या व्हिडिओत आकड्यांसकट दाखवतो.